हैदराबादची विजेची शर्यत

येरमाळ्याहून धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा असे दक्षिणेला गेले की रस्ता जहीराबादमार्गे हैदराबादला पोहोचतो. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने ते शहर येथील जुन्या पिढीला परके वाटत नसे. विजेवर धावणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत भारतात पहिल्यांदा झाली ती त्याच हैदराबादेत, ११ फेब्रुवारी २०२३ रोजी.

फॉर्म्युला-ई मालिकेची पहिली शर्यत सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंग येथे झाली. मुंबईच्या महिंद्र समूहाचा संघ पहिल्या हंगामापासून या मालिकेत आहे. त्याची कार्यशाळा मात्र इंग्लंडमधील बॅनबरी येथे. फॉर्म्युला-वनसाठी बहुधा स्वतंत्र धावपट्टी लागते, तर फॉर्म्युला-ई प्रामुख्याने शहराच्या रहदारीचे रस्तेच वापरते. हैदराबादेत हुसेनसागराच्या काठचा नेकलेस रोड, एनटीआर मार्ग आणि सचिवालयाचा परिसर यांतून २.८ किलोमीटरचे, १८ वळणांचे वर्तुळ आखण्यात आले. दोन्ही बाजूंना भिंती असल्याने चूक झाल्यास सावरायला जागा नाही.

असे वर्तुळ उभे करणे किती कठीण, हे नोव्हेंबर २०२२ मध्येच दिसून आले होते. तेथेच भरलेल्या भारतीय लीगची फेरी अपघात व विलंबामुळे गुंडाळावी लागली होती. यात्रेसाठी रस्ता गर्दीच्या हवाली करण्याचा येडेश्वरीच्या येरमाळ्याला वर्षानुवर्षांचा सराव आहे. शर्यतीसाठी रस्ता रिकामा ठेवणे हे अगदी उलटे काम.

फेब्रुवारीत शुक्रवारी सराव आणि शनिवारी पात्रता फेरी व मुख्य शर्यत असा कार्यक्रम होता. पात्रता फेरीतील अंतिम लढती दोन-दोन चालकांमध्ये होतात. तीत जग्वारच्या मिच इव्हान्सने अग्रस्थान मिळवले. पण शर्यतीत त्याच्याच संघाचा सॅम बर्ड एका तीव्र वळणावर त्याच्यावर आदळला आणि दोघेही बाद झाले. संघमालकांची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

शर्यतीचे खरे रहस्य बॅटरीत आहे. तिसऱ्या पिढीच्या या मोटारीची कमाल शक्ती ३५० किलोवॅट आणि कमाल वेग ताशी सुमारे ३२० किलोमीटर. परंतु शर्यतीसाठी वापरता येणारी ऊर्जा केवळ ३८.५ किलोवॅट-तास असते. तेवढ्यावर पूर्ण वेगाने शेवट गाठता येत नाही. म्हणून चालक वळणाआधीच पाय उचलतो. वेग कमी होताना मोटर जनित्राप्रमाणे वीज निर्माण करून बॅटरीत परत पाठवते. शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेचा ४० टक्के भाग अशा रीतीने मिळतो, असा संयोजकांचा दावा आहे.

डीएस पेन्स्के संघाचा फ्रेंच चालक ज्याँ-एरिक व्हर्न याने ही शर्यत जिंकली ती याच हिशेबावर. शेवटच्या टप्प्यात त्याच्याकडे मागच्या निक कॅसिडीपेक्षा कमी ऊर्जा शिल्लक होती. तरीही योग्य जागी वाट अडवून त्याने कॅसिडीला थोपवून धरले. दोघांतील अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी होते.

दुसरी शर्यत १० फेब्रुवारी २०२४ रोजी ठरली होती. त्या हंगामात मुंबईचा जेहान दारूवाला मासेराती संघातून उतरला होता. म्हणजे मायदेशात धावण्याची संधी त्याच्यासमोर होती. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणात सत्तांतर झाले आणि जानेवारीत शर्यत रद्द झाल्याचे जाहीर झाले. राज्याच्या नगरप्रशासन विभागाने करार पाळला नाही, असे संयोजकांचे म्हणणे होते. संयोजकांना आवश्यक मंजुरीविना सुमारे ५५ कोटी रुपये दिल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये माजी मंत्री के. टी. रामाराव यांच्यासह काही अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. रामाराव यांनी आरोप फेटाळले आहेत. २०२४-२५ च्या हंगामातही भारतात एकही फेरी झाली नाही.