उत्परिवर्तित प्राण्यांच्या वर्तनचाचण्या : फळमाशीपासून उंदरापर्यंत

एका जनुकात बदल झालेला प्राणी वर्तनाच्या चाचणीत नापास झाला, तर नेमके काय बिघडले असे समजायचे? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. यंत्र चालत नसेल तर दोष संवेदकात आहे, नियंत्रकात आहे की मोटारीत, हे आधी ठरवावे लागते. वर्तनाच्या जनुकशास्त्राचा इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत गाठला गेला.

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे अमेरिकेत सीमूर बेंझर यांच्यासोबत त्यांनी फळमाशीच्या अशा उत्परिवर्तितांचा अभ्यास केला, ज्या तापमान वाढताच लुळ्या पडतात. हे काम १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. लुळेपणाचे मूळ चेतासंस्थेत आहे, हे त्यांनी विद्युत-नोंदींवरून दाखवले. वर्तन पाहणे ही पहिली पायरी, तर चेतापेशीचे संकेत मोजणे ही दुसरी.

कुलाब्याच्या प्रयोगशाळेत हीच पद्धत वास आणि चव यांना लावली गेली. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी सिद्दीकी यांच्यासोबत वास आणि चवीच्या जाणिवेत दोष असलेल्या माश्या शोधल्या. साधी माशी साखरेकडे ओढली जाते आणि क्विनाईन टाळते. जी तसे वागत नाही, ती वेगळी काढायची. मात्र साखर नाकारणारी माशी कदाचित नुसती अशक्तही असेल. म्हणून तिच्या चवीच्या केसांमधील विद्युत-संकेत मोजणे गरजेचे होते. १९८१ च्या त्यांच्या निबंधात एका उत्परिवर्तिताचा दोष पायरानोज शर्करांच्या ग्राहींमध्ये असल्याचे मांडले आहे. म्हणजे दोष थेट संवेदकाशी जोडला गेला.

उंदरांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये जलचक्रव्यूहाची चाचणी मांडली. गढूळ पाण्यात लपलेला चौथरा प्राण्याने भोवतालच्या खुणांवरून शोधायचा. १९९२ मध्ये अल्सिनो सिल्वा, सुसुमु टोनेगावा आणि सहकाऱ्यांनी एक जनुक निकामी केलेल्या उंदरांमध्ये जागा लक्षात ठेवण्याची क्षमता कमी झाल्याचे दाखवले. परंतु प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या काही वंशांच्या उंदरांना आनुवंशिक अंधत्व असते. अशा उंदराला खुणाच दिसत नाहीत आणि तो विसराळू ठरतो. म्हणून चौथरा उघडा ठेवूनही चाचणी घेतात. तेव्हाही तो चौथऱ्यापर्यंत पोहोचला नाही, तर स्मृतीला दोष देता येत नाही.

१९९९ मध्ये जॉन क्रॅब, डग्लस वॉल्स्टन आणि ब्रूस डुडेक यांनी पोर्टलंड, एडमंटन व ऑल्बनी येथे तेच वंश, तीच उपकरणे आणि तोच क्रम ठेवून चाचण्या घेतल्या. तरीही काही निष्कर्ष प्रयोगशाळेनुसार बदलले.

उंदरांवरील अशा निकालांच्या आधारे स्मृतिभ्रंशावरील औषधांचा शोध घेतला जातो. चाचणी चुकीची वाचली, तर पुढची अनेक वर्षे चुकीच्या दिशेने जाऊ शकतात. तेव्हा एखादे जनुक 'स्मृतीचे जनुक' आहे असे वाचनात आले, की विद्यार्थ्याने तीन गोष्टी तपासाव्यात : प्राण्याला दिसत होते का, त्याला हालचाल करता येत होती का, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निकाल मिळाला का?