०.४ सेकंद

विमानवाहू जहाजावर उतरणाऱ्या प्रत्येक विमानाचं चित्रीकरण होतं. २५ ऑक्टोबर १९९४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोजवळच्या समुद्रात अमेरिकी नौदलाच्या ‘अब्राहम लिंकन’ जहाजाच्या कॅमेऱ्यांनी एक एफ-१४ लढाऊ विमान टिपलं. ती फिल्म आणि चौकशीचे अहवाल शेजारी ठेवले की क्रम लागतो. विमान वळणात उतरण्याची रेषा ओलांडून पलीकडे गेलं. ते रेषेवर आणताना आडवं घसरलं, हवेचा प्रवाह बिघडला आणि डावं इंजिन बंद पडलं. उजव्या इंजिनाच्या एकांगी जोराने विमान डावीकडे कलंडू लागलं. मागच्या आसनावरच्या अधिकाऱ्याने दोघांच्याही सुटकेची कळ ओढली. मागचं आसन आधी सुटतं, पुढचं ०.४ सेकंदांनी. तो वाचला. पण तेवढ्यात विमान ९० अंशांपलीकडे कललं होतं आणि वैमानिक, लेफ्टनंट कारा हल्टग्रीन, थेट पाण्याच्या दिशेने फेकली गेली. ती २९ वर्षांची होती.

१२ नोव्हेंबरला, साडेतीन हजार फुटांहून खोल तळातून तिचा देह वर आणला. ती आसनालाच बांधलेली होती.

तोवर वाद पेटला होता. संरक्षणमंत्री लेस ॲस्पिन यांनी लढाऊ विमानं स्त्रियांना खुली केली ती एप्रिल १९९३ मध्ये. एफ-१४ वर पात्र ठरलेली पहिली स्त्री कारा. तिला सवलती मिळाल्या, अशी निनावी पत्रं फिरू लागली. फेब्रुवारी १९९५ मध्ये नौदलाने प्रसिद्ध केलेल्या कायदेशीर चौकशीने इंजिनाकडे बोट दाखवलं. पुढे अंतर्गत सुरक्षा अहवाल फुटला. त्यात वैमानिकाच्या चुकाही नोंदल्या होत्या. झालं, पहिला अहवाल म्हणजे सारवासारव, असं अनेकांनी ठरवून टाकलं.

मला हे वाचन चुकीचं वाटतं. सुरक्षा चौकशीत दिलेली साक्ष कुणाविरुद्ध वापरली जात नाही. पुढचा वैमानिक वाचावा म्हणून तिथे लहानातली लहान चूकही कठोरपणे लिहितात. कायदेशीर चौकशीचं काम वेगळं, तिचा अहवाल जनतेपुढे जायचा असतो. इंजिन बंद पडलं आणि त्यानंतरच्या मोजक्या सेकंदांत ते ओळखून सावरायला हवं होतं, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. नौदलाने हाच प्रसंग सिम्युलेटरमध्ये उभा केला, तेव्हा ९ पैकी ८ वैमानिकांना विमान वाचवता आलं नाही.

सवलतींच्या आरोपावर काराच्या आईने तिच्या प्रशिक्षणाच्या नोंदीच लोकांसमोर ठेवल्या. जहाजावर उतरण्याच्या चाचणीत कारा पहिल्यांदा नापास, जुलै १९९४ मध्ये उत्तीर्ण. एफ-१४ च्या प्रशिक्षण वर्गात सातांत तिसरी. विरोधकांनी त्यातलं ‘नापास’ तेवढं उचललं. मला मात्र त्या शब्दात नोंदीचा खरेपणा दिसतो. जिला कसंही करून पास करायचं, तिला कुणी नापास करत नाही.

आणखी एक साक्ष या वादात फार कमी वाचली गेली. एफ-१४ आणि त्याचं टीएफ-३० इंजिन ही जोडी अत्यंत विजोड आहे, असं नौदल सचिव जॉन लेहमन यांनी अमेरिकी काँग्रेसला १९८४ मध्येच सांगितलं होतं. नवी इंजिनं काही तुकड्यांना मिळाली. काराच्या ‘ब्लॅक लायन्स’ तुकडीकडे १९९४ मध्येही जुनीच होती.