सदस्य कोण?

वाचनालयाचे सदस्य व्हायचे तर वर्गणी आणि अनामत भरावी लागते. मगच पुस्तक घरी नेता येते. पण जिथे सारेच कोणालाही मोफत नेता येते, तिथे सदस्यत्वाला काय अर्थ उरतो? ‘डेबियन’ या संगणक प्रणालीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

इयन मरडॉक या अमेरिकेतील विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. ‘लिनक्स’ या गाभ्याभोवती अनेकांनी लिहिलेल्या आज्ञावली नीट जुळवून एक संपूर्ण प्रणाली तयार करायची, आणि हे काम ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी मिळून करायचे, अशी ही कल्पना होती. तिची मूळ आज्ञावली सर्वांना खुली. ती वापरायला, बदलायला वा वाटायला सदस्य असावे लागत नाही.

मग सदस्य हवेत कशाला? एखाद्याने सामायिक भांडारात ठेवलेली आज्ञावली तिथून असंख्य संगणकांवर जाते. त्यात चूक वा लबाडी असेल तर ती सर्वांनाच भोवते. म्हणून भांडारात भर घालणारा माणूस विश्वासाचा असावा लागतो.

सुरुवातीला प्रवेश सहज मिळे. मंडळी वाढली तसे नियम आले. १९९७ मध्ये ‘सामाजिक करार’ आणि १९९८ मध्ये घटना मंजूर झाली. १९९९च्या अखेरीस नवा प्रवेश थांबवण्यात आला आणि २००० मध्ये तो नव्या पद्धतीने सुरू झाला. आता उमेदवाराची शिफारस जुन्या सदस्याने करायची. उमेदवाराने सदस्याला प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र दाखवायचे, म्हणजे ज्या संगणकीय किल्लीने तो आपल्या कामावर सही करणार, ती त्याचीच आहे याची खात्री पटते. त्यानंतर त्याची तत्त्वांची जाण आणि कौशल्य तपासायचे. वर्गणी मात्र नाही.

या चाळणीत एक उणीव राहिली. कसोटी मुख्यतः आज्ञावली हाताळण्याची होती. भाषांतर करणारे, माहितीपुस्तिका लिहिणारे, संमेलने भरवणारे यांचे काम सर्वांना हवे होते. पण मताचा अधिकार सदस्यांनाच. अखेर ऑक्टोबर २०१० मध्ये सदस्यांनी मतदान करून ठरवले, की अशा कार्यकर्त्यांनाही पूर्ण सदस्य करून घ्यावे, मग त्यांना भांडारात भर घालण्याचा अधिकार नसला तरी चालेल. डेबियन संगणकावर बसवताना पडद्यावरच्या सूचना मराठीतही वाचता येतात. त्यामागेही अशाच भाषांतरकारांचे श्रम आहेत.

आम्हा संशोधकांना हा प्रश्न परका नाही. उपकरण चालू ठेवणाऱ्या साहाय्यकाचे नाव शोधनिबंधावर असावे का, यावर आमच्यातही वाद होतात. आपल्या शाळेच्या विज्ञान मंडळाची नोंदवही शिक्षकांनी एकदा उघडून पाहावी. प्रयोग सादर करणाऱ्यांची नावे तिच्यात असतीलच. परीक्षानळ्या धुणाऱ्या आणि तक्ते रंगवणाऱ्या मुलांची आहेत का?