कारखान्याविना पीएच.डी.

औद्योगिक अभियांत्रिकीत पीएच.डी. मिळवायला काय लागते, याचे उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या नियमांत आहे: किमान 12 क्रेडिटचे कोर्सवर्क, किमान तीन वर्षे, प्रबंध, दोन बाहेरचे परीक्षक आणि खुली मौखिक परीक्षा. संस्कृतच्या संशोधकालाही हेच माप. कारखान्यात काम करण्याची अट त्यात नाही, आणि या शास्त्राचा इतिहास पाहता ही उणीव लहान नाही.

हे शास्त्र कामाच्या जागीच घडले. 1880 च्या दशकात अमेरिकन अभियंता टेलरने मिडव्हेलच्या पोलाद कारखान्यात कामगारांच्या कामाचे मोजमाप सुरू केले. भारतात 1950 च्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे तज्ज्ञ उत्पादकतेचे धडे द्यायला आले ते गिरण्यांत आणि कारखान्यांत. 1958 साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद निघाली आणि 1963 साली पवईला राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्था. त्याआधी वर्षभर, 1962 मध्ये, एमआयडीसी स्थापन झाली होती. वागळे इस्टेट, अंबरनाथ, डोंबिवली आणि ठाणे-बेलापूर पट्टा पुढे तिच्याच छत्राखाली वाढला. अभ्यासाची संस्था आणि अभ्यासाचा विषय असे शेजारी होते. संस्थेचा संशोधक ‘फेलो’ म्हणून बाहेर पडे. 2023 साली ती आयआयएम मुंबई झाली आणि तिला पदवी देण्याचा अधिकार मिळाला. दर्जा वाढला हे चांगलेच. पण पदवीच्या चौकटीत कारखान्याशी असलेले नाते आपोआप टिकत नाही.

कारखान्यातल्या कामाची अट घालण्यावर पहिला आक्षेप असा, की एकाच कारखान्यात गुंतलेला प्रबंध सल्लागाराचा अहवाल होऊन बसेल. अहमदाबादच्या कॅलिको मिलचे उदाहरण त्याला पुरेसे उत्तर देते. तिथल्या मागशाळेत 1953 साली ब्रिटिश संशोधक ए. के. राइस यांनी कामगारांच्या गटांची फेररचना करून पाहिली. प्रयोग एका गिरणीतला होता, पण कामाच्या संघटनाविषयीचा त्याचा निष्कर्ष जगभर अभ्यासला गेला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ठाण्यातले कितीतरी कारखाने बंद पडले, वागळे इस्टेटमध्ये आयटी कंपन्या आल्या, मग संशोधकाने जायचे कुठे? पण भिवंडीच्या गोदामांतला मालाचा साठा आणि ट्रकांच्या फेऱ्या हा याच शास्त्राचा विषय आहे. डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी झालेल्या भीषण स्फोटांनी विचारलेले प्रश्नही, म्हणजे रसायने कुठे साठवायची आणि वस्तीपासून किती अंतर ठेवायचे, तितकेच याच शास्त्राचे आहेत.

प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती 2022 च्या नियमांनी काढली. त्या मोकळ्या झालेल्या वेळात अभ्यास मंडळाने वर्षभराचे प्रत्यक्ष काम आणि तिथल्या कामगार-व्यवस्थापकांपुढे निष्कर्षांची मांडणी, या दोन अटी घालाव्यात. कंपनीची गुपिते करार करून जपता येतात. न पाहिलेल्या कामाचे ज्ञान मात्र कोणत्याही करारातून येत नाही.