कारवानी कुत्रा : ठेवण, इतिहास आणि बिबट्याच्या पट्ट्यातली राखण

जुन्नर-आंबेगावात वस्तीवर राखणीला कुत्रा घ्यायचा म्हटलं की बऱ्याच जणांच्या तोंडी कारवानीचं नाव येतं. लांबट निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय. नराची उंची खांद्यापाशी 70 सेंटिमीटरच्या आसपास भरते. आखूड केसांचा तो कारवानी, कानाला-शेपटीला लांब केस असलेला पश्मी.

व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर म्हणजे कारवाँबरोबर पश्चिम आशियातून हा कुत्रा दख्खनेत आला, असं मानतात. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची पैदास जपली, म्हणून तिकडे त्याला मुधोळ हाउंड म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. लष्करानेही मुधोळचे कुत्रे मेरठच्या केंद्रात तयार केले. मूळ काम मात्र उघड्या माळावर नजरेने सावज हेरून पळून धरण्याचं. आता सशामागे कुत्रा सोडणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

तब्येतीला हा कुत्रा तसा काटक. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या म्हणजे तो उपाशी आहे असं नाही; उगाच भाकरी-दूध चारून फुगवू नये. अंगात चरबी कमी, म्हणून थंडीत खाली पोतं लागतं आणि भुलीचं औषधही जपून द्यावं लागतं. नसबंदी किंवा टाके असतील तर जात कोणती ते डॉक्टरांना आधीच सांगावं. पार्वो आणि डिस्टेंपरची लस दीड-दोन महिन्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांला, पुढे दरवर्षी. गोठ्यातले गोचीड कुत्र्यालाही लागतात. ताप, पांढऱ्या हिरड्या, नाकातून रक्त दिसलं तर घरगुती उपायात दिवस घालवू नयेत.

खरी अडचण वेगळी आहे. कुकडी आणि डिंभ्याचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला. शेजारच्या अकोले भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. कारवानीची सगळी ताकद पळण्यात. त्यालाच रात्री अंगणात साखळीने बांधायचं म्हणजे बिबट्यापुढे ताट वाढून ठेवल्यासारखं. शिवाय एकदा कुत्रा मिळाला की बिबट्या त्याच अंगणात पुन्हा येतो, आणि उन्हाळ्यात तिथंच पोरंबाळं झोपलेली असतात.

त्यामुळे अंधार पडायच्या आत कुत्रा घरात किंवा जाळीच्या खोलीत घ्यावा. जाळी वरूनही बंद पाहिजे, बिबट्या भिंत सहज चढतो. आतून भुंकला तरी राखण होतेच. गळ्यात खिळ्यांचा रुंद पट्टा असला तर बरा, पण निव्वळ पट्ट्याच्या भरवशावर बाहेर ठेवू नये. आणि रात्री कुत्रा उसाकडे तोंड करून भुंकायला लागला, तर एकट्याने बॅटरी घेऊन बघायला जाऊ नये. दार लावून घ्यावं, शेजारच्या वस्तीला फोन करावा, वन विभागाला 1926 वर कळवावं.