इंजिन दुरुस्ती प्रशिक्षण, कोल्हापूर

लहान डिझेल इंजिनांची देखभाल-दुरुस्ती शिकवणारे व्यवसायशिक्षण. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही बाजारपेठ वसवली. पुढे शेतीपंप व गुऱ्हाळांच्या मागणीतून कोल्हापुरात ऑइल इंजिनांचा उद्योग वाढला. मिस्त्रीच्या हाताखाली शिकण्याच्या जुन्या पद्धतीला औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘मेकॅनिक डिझेल’ अभ्यासक्रमाची जोड मिळाली. इंधन फवारणाऱ्या नोझलचा फवारा धुक्यासारखा बारीक पडतो का, हे शिकाऊ उमेदवार तपासतो. नोझलमधून डिझेल थेंबाथेंबाने गळत असेल, तर इंजिन काळा धूर सोडते. टॅपेटची फट तो फीलर गेजने मोजतो. किनारपट्टीवर मात्र नौकेच्या इंजिनात खाऱ्या पाण्याने होणाऱ्या गंजाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मच्छीमार युवकांसाठी रत्नागिरीच्या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रात नौकानयनासह सागरी डिझेल इंजिनाचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते.