हेप्टानेसिया ते मुंबई : सात बेटांचा इतिहास आणि संस्कृती

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे वास्तव्यास असलेल्या टॉलेमी या भूगोलवेत्त्याने आपल्या ग्रीक ग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या एका द्वीपसमूहाचा उल्लेख ‘हेप्टानेसिया’ असा केला आहे. ‘हेप्टा’ म्हणजे सात आणि ‘नेसोस’ म्हणजे बेट. हा द्वीपसमूह म्हणजेच आजची मुंबई, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींना मात्र ही ओळख निर्विवाद वाटत नाही. विशेष म्हणजे ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळील आयोनियन बेटांनाही ग्रीक लोक ‘एप्टानिसा’, अर्थात सात बेटे असेच संबोधतात. एकाच नावाच्या या दोन द्वीपसमूहांच्या वाट्याला आलेला इतिहास काही बाबतीत सारखा, तर काही बाबतीत अगदी भिन्न आहे.

यवनांचा संपर्क

ग्रीक नाविकांना कोकणचा किनारा अपरिचित नव्हता. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आढळतात. तेथून घाटमार्गे जुन्नर व पैठणपर्यंत व्यापार चाले. पुणे जिल्ह्यातील कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांत दान देणाऱ्या यवनांचे शिलालेख आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची नावे कोरलेली आहेत. त्याच चैत्यगृहाच्या दाराशी एकवीरा देवीचे मंदिर असून ती मुंबईतील असंख्य कोळी कुटुंबांची कुलदेवता आहे. समुद्रावर जगणारा हा समाज दरवर्षी घाट चढून ज्या ठिकाणी येतो, तेथेच समुद्रमार्गे आलेल्या परदेशीयांच्या दानाची नोंद असावी, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे.

सात बेटे

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती सात बेटे. भरतीच्या वेळी त्यांच्यामध्ये पाणी भरे आणि ओहोटीला दलदल उघडी पडे. महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील मोठ्या खिंडीतून समुद्राचे पाणी थेट भायखळ्याच्या सखल भागापर्यंत येई. ही बेटे आज दिसत नसली तरी त्यांच्या खुणा स्थलनामांत टिकून आहेत. पायधुनी म्हणजे खाडी ओलांडून आल्यावर पाय धुण्याची जागा. उमरखाडी हे तर नावानेच खाडी. आणि शिव, म्हणजे आजचे सायन, ही परळ बेटाची उत्तर सीमा.

या बेटांवरील सर्वांत जुने रहिवासी कोळी. त्यांच्या मुंबादेवीवरूनच मुंबई हे नाव आले. देवीचे मूळ देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते, असे सांगितले जाते. किल्ल्याच्या वाढीत ते हलवले गेले आणि विद्यमान मंदिर भुलेश्वर भागात उभे राहिले. कोळ्यांच्या जोडीने आगरी, भंडारी, पाचकळशी आणि पाठारे प्रभू या समाजांनी येथे मिठागरे, नारळीच्या वाड्या व भातशेती उभी केली. शिलाहारांच्या काळात वाळकेश्वर तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्धीस आले. माहीम येथे बिंब राजाने राजधानी वसवल्याची परंपरा ‘महिकावतीच्या बखरी’त नोंदलेली असून ही बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली.

सत्तांतरे आणि आंदण

चौदाव्या शतकात बेटे मुसलमानी अमलाखाली गेली. गुजरातच्या सुलतानाने, बहादूरशहाने, १५३४ च्या तहान्वये वसईसह ती पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. वनस्पतिशास्त्रावरील ग्रंथामुळे ख्यातनाम झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्याकडे मुंबई बेट काही काळ खंडाने होते. याच राजवटीत धर्मांतरित झालेला, परंतु मराठी बोली व चालीरीती जपणारा समाज पुढे ‘ईस्ट इंडियन’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

१६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार झाला आणि मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ साल उजाडले. नेमकी किती बेटे द्यायची, याविषयी उभय पक्षांत वाद होता. मुंबई म्हणजे एक बेट की सारा समूह, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला होता. १६६८ मध्ये राजाने ही बेटे सालीना अवघ्या १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. शेजारच्या साष्टी बेटावर १७३९ च्या सुमारास मराठ्यांचा अंमल बसला. मात्र मुंबईची बेटे इंग्रजांकडेच राहिली.

आयोनियन बेटांचे भागधेयही असेच तहनाम्यांतून ठरत गेले. कोर्फू, पाक्सी, लेफ्काडा, इथाका, केफालोनिया, झाकिन्थोस आणि दूर दक्षिणेकडील किथिरा या बेटांपैकी कोर्फूवर १३८६ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसची सत्ता होती. त्यानंतर फ्रेंच, रशिया व तुर्कस्तान यांच्या छायेतील सप्तद्वीप प्रजासत्ताक आणि पुन्हा फ्रेंच अशी स्थित्यंतरे घडून १८१५ मध्ये ही बेटे ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली आली. त्यामुळे सुमारे अर्धशतक दोन्ही ‘सात बेटे’ एकाच साम्राज्याच्या छत्राखाली होती. १८२० च्या दशकात केफालोनियाचा कारभार पाहणारा चार्ल्स नेपियर पुढे १८४३ मध्ये सिंध जिंकणारा सेनानी ठरला आणि तो प्रांत १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. आयोनियन बेटांचा उच्चायुक्त फ्रेडरिक ॲडम हा तेथून थेट मद्रासचा गव्हर्नर होऊन आला.

भराव आणि सेतू

यानंतर मात्र दोहोंच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महालक्ष्मी-वरळीची खिंड बांध घालून बुजवण्यात आली. हा बांध वारंवार ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांना स्वप्नात देवीचा दृष्टान्त झाला आणि समुद्रातून मूर्ती वर काढल्यावरच काम तडीस गेले, अशी महालक्ष्मी मंदिराची आख्यायिका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सायनचा, १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा सेतू झाला. माहीमच्या सेतूसाठी लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी आर्थिक साहाय्य केले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ सिद्ध केला, तोवर बेटे जोडली जाऊन एक सलग नगर आकारास आले होते.

आयोनियन बेटे परस्परांपासून दूर असल्याने प्रत्येकाचे स्वतंत्र अस्तित्व टिकले. व्हेनिसच्या सहवासामुळे तेथील संगीतावर इटालियन छाप पडली. कोर्फूची वाद्यवृंद-परंपरा आजही प्रसिद्ध आहे. १८२४ मध्ये तेथे आयोनियन अकादमी हे ग्रीक भूमीवरील आधुनिक काळातील पहिले विद्यापीठ स्थापन झाले. झाकिन्थोसचा कवी दिओनिसिओस सोलोमोस याने १८२३ मध्ये लिहिलेले स्वातंत्र्यस्तोत्र कोर्फूच्या मांत्झारोस याने स्वरबद्ध केले आणि त्याचाच आरंभीचा भाग पुढे ग्रीसचे राष्ट्रगीत झाला. १८६४ मध्ये ही बेटे ग्रीसमध्ये विलीन झाली. ब्रिटिशांनी रुजवलेले क्रिकेट मात्र कोर्फूत आजही खेळले जाते. १९५३ च्या भूकंपात केफालोनिया व झाकिन्थोस उद्ध्वस्त झाले. तरीही लोकांनी गावे पुन्हा वसवली.

बेटपणाचा वारसा

मुंबईच्या बेटांचे बेटपण भरावाखाली गेले. त्यांची स्मृती जपणारे खरे वारसदार म्हणजे वरळी, माहीम, सायन, कुलाबा येथील कोळीवाडे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटण्याची प्रथा, शिमग्याची गाणी, सुकी मासळी वाळवण्याच्या जागा आणि कोळी बोली यांतून द्वीपसंस्कृतीचे मूळ रूप दिसते. कोळीवाड्यांच्या सीमा निश्चित करण्याचा आणि मासळी सुकवण्याच्या मोकळ्या जागांना कायद्याचे संरक्षण देण्याचा प्रश्न त्यामुळे केवळ घरांचा किंवा जमिनीचा राहत नाही.

वरळीच्या मच्छीमारांनी किनारी रस्त्याच्या बांधकामाच्या वेळी उपस्थित केलेला मुद्दा या दृष्टीने बोलका आहे. क्लीव्हलँड बंदरासमोरील पुलाच्या दोन खांबांतील ६० मीटरचे अंतर भरतीच्या लाटांत होड्या ने-आण करण्यास धोकादायक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दीर्घ आंदोलनानंतर डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने एक खांब वगळून हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. समुद्राचा प्रवाह कोठे व कसा वळतो, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या बेटावर राहणाऱ्यांकडे असते, हे त्या निर्णयाने अधोरेखित झाले.

या ज्ञानाची गरज पावसाळ्यात अधिकच जाणवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि साष्टीपासून दक्षिण मुंबईपर्यंतचे जनजीवन ठप्प झाले. हिंदमातासारख्या बशीच्या आकाराच्या भागात एरवीच्या मुसळधार पावसातही पाणी साचते. जुन्या बेटांच्या उंचवट्यांमधील सखल जमीन भराव घालूनही सखलच राहिली आहे. भरतीची वेळ आणि पाऊस एकत्र आले की नाल्यांचे पाणी समुद्रात उतरू शकत नाही. टॉलेमीने ज्यांना सात म्हटले ती बेटे नकाशावरून पुसली गेली असली, तरी पाण्याला मात्र त्यांच्यामधल्या वाटा अद्याप ठाऊक आहेत. शहराच्या नियोजनात त्या वाटांचा आणि त्यांच्या काठी राहणाऱ्या कोळीवाड्यांचा विचार होणे म्हणूनच अगत्याचे आहे.